सहा तासांची किंमत

पोलिसांवर दावा लावायचा म्हटले की आपल्याकडे शहाणी माणसे हसतात. पण हे धाडस पूर्वी ज्यांनी केले त्यांत आठवड्याला एक गिनी पगाराचा छापखान्यातला एक कामगारही होता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

१७६३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ‘नॉर्थ ब्रिटन’ साप्ताहिकाच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर जहाल टीका आली. टीकाकार पार्लमेंटचा सभासद जॉन विल्क्स. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी वॉरंट काढले. त्यात मनुष्याचे नावच नव्हते! लेखक, मुद्रक, प्रकाशक, जो हाती लागेल तो धरावा. लंडनचे पोलीसदल १८२९ चे. तेव्हा हे काम राजाचे दूत करीत. सुमारे पन्नास माणसे धरली गेली. त्यांत हा हकल होता. तो ज्या छापखान्यात काम करी तेथे तो अंक छापलाही नव्हता.

सहा तास अडकवून त्याला सोडले. त्याने मनी नावाच्या दूतावर फिर्याद केली. सरकारपक्ष म्हणाला, आम्ही त्याला गोमांस आणि बिअर दिली, वागणूक सौजन्याची होती. (पाहुणचारच म्हणायचा!) ज्यूरीने ३०० पौंड दिले, म्हणजे पाच वर्षांहून अधिक पगार. रक्कम अवाजवी असल्याची तक्रार झाली, तेव्हा सरन्यायाधीश प्रॅट यांनी सांगितले की, केवळ शरीराला झालेला त्रास मोजला तर वीस पौंड पुरले असते. ज्यूरीने मोजले ते प्रजेचे स्वातंत्र्य. पुढे विल्क्सलाही हॅलिफॅक्सकडून १७६९ साली ४,००० पौंड मिळाले.

आकसाने केलेल्या खटल्याबद्दलचा दावा याहून बिकट. तेथे निर्दोष सुटणे पुरत नाही. खटल्याला वाजवी कारण नव्हते आणि मनात आकस होता, हे वादीलाच शाबीत करावे लागते.

आपल्याकडे काय झाले? १९४७ साली मीरतला पोलिसांनी एका सराफाचे सोने जप्त केले. मालखान्यावरचा हेडकॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. जप्ती हे राज्याचे सार्वभौम कार्य, म्हणून भरपाई नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दिला. आम्हांला तो आजही पटत नाही.

१९८३ साली वारे फिरले. बिहारमधला एक कैदी १९६८ साली सुटूनही चौदा वर्षे तुरुंगातच होता. पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, वेगळा दावा लावायला न लावता, राज्याकडून त्याला एकूण ३५,००० रुपये देवविले. दिवसाला सात रुपयेसुद्धा होत नाहीत. रक्कम तात्पुरती आहे हे न्यायालयाने निकालातच म्हटले, आणि पूर्ण भरपाईसाठी दाव्याचा मार्ग त्याला मोकळा ठेवला.