मॅडम वॉकर आणि कार्यक्रमपत्रिकेत नसलेले भाषण

१/ शिकागो, ऑगस्ट १९१२. अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचे वार्षिक अधिवेशन भरले आहे. एकामागून एक व्यावसायिक व्यासपीठावर येऊन आपापल्या धंद्याची हकिकत सांगत आहेत. श्रोत्यांमध्ये ४४ वर्षांची एक उद्योजिका बसली आहे. तिचा स्वतःचा कारखाना आहे, पण वक्त्यांच्या यादीत तिचे नाव नाही. अखेरच्या दिवशी ती जागेवरून उठते आणि थेट अध्यक्षांना उद्देशून बोलू लागते.

आजचा धागा त्या भाषणाविषयी.

२/ छोट्या व्यावसायिकांसाठी 'सभाधीटपणा' आणि 'सादरीकरण' यांच्या कार्यशाळा आज गावोगावी होतात. ताठ उभे राहा, श्वासावर नियंत्रण ठेवा, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहा, असे तिथे शिकवतात. हे सारे उपयोगाचे आहे. माझी आई ज्या बचत गटात आहे, त्या गटातील स्त्रियांनाही हेच शिकवले गेले. मात्र प्रशिक्षणाहून परतल्यावर तिने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून गेला नाही : "बोलायचं कसं ते कळलं. पण आम्हाला बोलायला उभं कोण करणार?"

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून या प्रश्नाचे एक उत्तर मला मॅडम सी. जे. वॉकर यांच्या चरित्रात सापडले.

३/ त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७, लुईझियाना राज्यातील डेल्टा या खेड्यातला. आईवडील कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर दोन वर्षांनी सारा जन्मली, त्यामुळे त्या घरात जन्मतः स्वतंत्र असलेले ते पहिले अपत्य.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा सारा पाच वर्षांची होती.

४/ दास्य संपले, दारिद्र्य मात्र उरले. सातव्या वर्षी ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि विसाव्या वर्षी ती विधवा झाली. पदरी लहान मुलगी होती. सारा सेंट लुईस शहरात भावांकडे आली. भाऊ न्हावीकाम करत. तिने लोकांचे कपडे धुण्याचे काम धरले आणि पुढची अनेक वर्षे त्यातच काढली. शाळेचा संबंध जवळजवळ आलाच नव्हता.

पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितले की साबणाच्या पाण्यात बुडालेल्या स्वतःच्या हातांकडे पाहताना त्यांना एकच चिंता पडे : पाठ वाकेनाशी झाली की आपले काय होणार आणि मुलीला कोण पाहणार?

५/ याच काळात तिने सभा जवळून पाहिली. सेंट लुईसच्या ज्या चर्चमध्ये ती जाऊ लागली, तिथे शिकलेल्या, पेशा असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया मंडळे चालवत, उभे राहून आपले मत मांडत आणि गरिबांसाठी निधी जमवत. वक्तृत्वाचा वर्ग साराला कधी लाभला नाही. त्या स्त्रियांना ऐकणे हाच तिचा वर्ग होता.

६/ आता धंद्याकडे. तिचे केस गळू लागले होते. त्या काळी ही तक्रार अनेकींची होती. घरात नळ नाही, म्हणून केस क्वचितच धुतले जात. साबण कडक, आहार निकस. त्यातून टाळूचे विकार होत. सारा प्रथम ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिकेची केशऔषधे घरोघर विकू लागली. १९०५ मध्ये ती डेन्व्हरला गेली आणि पुढे स्वतःचे मलम बाजारात आणले. व्हॅसलीनसारखा स्निग्ध पदार्थ आणि गंधक हे त्यातले मुख्य घटक. गंधकाचा असा उपयोग तिने शोधलेला नव्हता. विक्रीची रीत मात्र तिने स्वतः घडवली.

७/ ती रीत अशी : गिऱ्हाइकाच्या घरी जायचे, बाईला खुर्चीवर बसवायचे, तिचे केस स्वतःच्या हातांनी धुवायचे, टाळूला मलम लावायचे आणि हे करता करता बोलायचे. केस का गळतात, किती दिवसांनी धुवावेत, आपले स्वतःचे केस कसे होते. जाहिरातीतही कुणा सुंदरीचे चित्र नसे. औषधापूर्वीची आणि नंतरची स्वतःचीच छायाचित्रे असत.

आज ज्याला आपण 'डेमो' म्हणतो, तो हाच. दाखवणे आणि सांगणे यांची इथे फारकत नव्हती.

८/ १९०६ मध्ये तिने चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह केला आणि 'मॅडम सी. जे. वॉकर' हे नाव धारण केले. यातील 'मॅडम' या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात फ्रेंच धाटणीची ही उपाधी रूढ होतीच. पण त्या काळी गोरे लोक प्रौढ कृष्णवर्णीय स्त्रीलाही नुसत्या पाळण्यातल्या नावाने हाक मारत. आपल्याकडे वयाने मोठ्या स्त्रीला केवळ जातीमुळे एकेरीत पुकारले जाई, तसेच. 'मॅडम सी. जे.' या नावात एकेरी हाकेला जागाच उरली नाही.

या धाग्यातही इथून पुढे मी त्यांचा उल्लेख 'त्या' असाच करणार आहे.

९/ १९१० मध्ये मॅडम वॉकर यांनी इंडियानापोलिस येथे कारखाना आणि मुख्यालय थाटले. १९११ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी शहरातील कृष्णवर्णीय तरुणांच्या वाय.एम.सी.ए. इमारतीसाठी त्यांनी १००० डॉलर देण्याचे जाहीर केले. काही वर्षांपूर्वीपर्यंत धुणे धुणाऱ्या बाईने एवढी रक्कम द्यावी, याची वृत्तपत्रांनी दखल घेतली.

आता त्यांना समव्यावसायिकांसमोर बोलायचे होते. तिथे वाटेत उभे होते बुकर टी. वॉशिंग्टन.

१०/ वॉशिंग्टन हे स्वतः गुलामगिरीत जन्मलेले, अलाबामातील टस्कीगी संस्थेचे प्राचार्य आणि त्या काळातील सर्वांत प्रभावशाली कृष्णवर्णीय नेते. १९०० मध्ये बॉस्टन येथे त्यांनी 'नॅशनल निग्रो बिझनेस लीग' स्थापन केली. (यातील 'निग्रो' हा शब्द त्या काळचा. आज तो वापरला जात नाही.) लीगच्या अधिवेशनात मोठमोठ्या पेढीवाल्यांबरोबर साध्या दुकानदारालाही व्यासपीठावर स्थान मिळे. एकाने दुसऱ्याचा धंदा ऐकावा आणि त्यातून शिकावे, ही कल्पना निःसंशय थोर होती.

पण केशप्रसाधनाच्या धंद्याविषयी त्यांच्या मनात अढी होती. असे धंदे गोऱ्यांच्या रूपाचे अनुकरण शिकवतात, असा हा आक्षेप. तो केवळ त्यांचाच नव्हता आणि अगदीच निराधारही नव्हता. आपण केस सरळ करण्याचा नव्हे, तर निरोगी करण्याचा व्यवसाय करतो, असे मॅडम वॉकर आग्रहाने सांगत. हा वाद आजही मिटलेला नाही.

११/ १९१२ च्या अधिवेशनात 'फ्रीमन' या इंडियानापोलिसच्या वृत्तपत्राचे प्रकाशक जॉर्ज नॉक्स यांनी मॅडम वॉकर यांना बोलू द्यावे, असे सभेत सुचवले. अध्यक्षांनी ते कानाआड केले. मॅडम वॉकर थांबल्या. अखेरच्या दिवशी मात्र त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आपण माझ्या तोंडावर दार लावणार नाही, अशी माझी खात्री आहे. आपला व्यवसाय आपल्या समाजातील स्त्रीत्वाला भूषणावह आहे, हेही त्यांनी ठणकावून सांगितले.

१२/ त्यानंतरचे भाषण छोटे होते. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मी दक्षिणेतील कापसाच्या शेतातून आले, असे त्या म्हणाल्या. तिथून मला धुण्याच्या टबापर्यंत बढती मिळाली, पुढे स्वयंपाकघरापर्यंत मिळाली. आणि तिथून कारखानदारीत जाण्याची बढती मी स्वतःच स्वतःला दिली. शेवटी त्यांनी सांगितले की स्वतःच्या जमिनीवर मी स्वतःचा कारखाना बांधला आहे.

शेत, टब, चूल, कारखाना अशा चार पायऱ्या आणि 'बढती' हा एकच शब्द. पहिल्या दोन ठिकाणी तो उपरोधाने येतो, तिसऱ्या ठिकाणी तो खरा होतो.

१३/ हे श्रोत्यांना का भिडले असावे? माझे वाचन असे : वॉशिंग्टन यांचे १९०१ मधील आत्मचरित्र सभागृहातील बहुतेकांना परिचित होते. गुलामाच्या झोपडीतून कष्टाने वर येण्याची ती कथा होती. मॅडम वॉकर यांनी अध्यक्षांची कथा अध्यक्षांसमोरच मांडली, फक्त ती एका स्त्रीची होती. ती नाकारायची तर त्यांना स्वतःचेच तत्त्वज्ञान नाकारावे लागले असते.

वक्त्याने श्रोत्यांची भाषा बोलावी, असे कार्यशाळेत सांगतात. इथे त्या सूत्राचे मोल कळते. श्रोता ज्या मूल्यांची ग्वाही देतो, त्याच मूल्यांवर त्याला उभे करणे, असा त्याचा अर्थ.

१४/ लगेच टाळ्यांचा कडकडाट आणि अध्यक्षांचे मतपरिवर्तन, असा शेवट इतिहासात क्वचितच घडतो. वॉशिंग्टन यांनी त्या भाषणावर काहीही भाष्य न करता पुढचे कामकाज सुरू केले.

पण वर्षभरात चित्र पालटले. १९१३ च्या उन्हाळ्यात इंडियानापोलिसच्या वाय.एम.सी.ए. इमारतीच्या समारंभाला वॉशिंग्टन आले, तेव्हा ते मॅडम वॉकर यांचे पाहुणे होते. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात मॅडम वॉकर निमंत्रित वक्त्या म्हणून बोलल्या.

१५/ हे एका दिवसाचे धाडस होते, असे समजणे चुकीचे ठरेल. मॅडम वॉकर वर्षानुवर्षे गावोगावच्या चर्चमध्ये आणि सभागृहांत व्याख्याने देत फिरत होत्या. सोबत पडद्यावर चित्रे दाखवणारा दिवा असे. (आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ मध्ये सुरू केलेली 'शांबरिक खरोलिका' याच जातीची.) विषय असे, व्यवसायातील कृष्णवर्णीय स्त्री. पडद्यावर कारखाना दिसे, काम करणाऱ्या स्त्रिया दिसत, आणि शेवटी श्रोत्यांतील बायकांना विक्रेत्या होण्याचे आवाहन केले जाई.

शिक्षण राहून गेले होते, म्हणून कंपनीत नेमलेल्या एका शिक्षिकेकडून त्या भाषा आणि लेखन शिकत राहिल्या. वयाची चाळिशी उलटली होती आणि त्या स्वतः मालक होत्या, तरीही.

१६/ आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा. जुलै १९१७ मध्ये ईस्ट सेंट लुईस येथे कृष्णवर्णीयांची भीषण कत्तल झाली. २८ जुलैला न्यूयॉर्कमध्ये हजारोंचा मूक मोर्चा निघाला. १ ऑगस्टला हार्लेममधील नेत्यांचे एक शिष्टमंडळ व्हाइट हाउसला गेले. त्यात मॅडम वॉकर होत्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन कामात आहेत, असे सांगण्यात आले. भेट झाली नाही.

पुन्हा एक दार बंद झाले होते.

१७/ त्याच महिन्याच्या अखेरीस फिलाडेल्फिया येथे मॅडम वॉकर यांनी आपल्या विक्रेत्या स्त्रियांचे पहिले अधिवेशन भरवले. २०० हून अधिक स्त्रिया जमल्या. त्यांतील कितीतरी जणी पूर्वी मोलकरणी किंवा धुणेवाल्या होत्या. इथे कार्यक्रमपत्रिका त्यांचीच होती. आपला अनुभव सांगायला त्याच उभ्या राहत होत्या. बक्षिसे केवळ अधिक विक्रीला नव्हती, समाजकार्याला अधिक हातभार लावणाऱ्यांनाही होती. देशप्रेमापायी अन्यायाविरुद्धचा निषेध तसूभरही सौम्य होऊ देऊ नका, असे मॅडम वॉकर यांनी त्यांना सांगितले.

आणि या केशतज्ज्ञ स्त्रियांच्या सभेने राष्ट्राध्यक्षांना तार पाठवली. झुंडबळींविरुद्ध कायदा करावा, ही त्यातली मागणी.

१८/ दोन दुरुस्त्या, कारण समाजमाध्यमांवर मॅडम वॉकर यांच्याविषयी बरेच चुकीचे फिरते. केस सरळ करण्याचा गरम कंगवा त्यांनी शोधला, ही समजूत खरी नाही. तो आधीपासून होता. दुसरे, त्यांना सर्रास 'लक्षाधीश' म्हणून गौरवले जाते. २५ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर मोजलेली मालमत्ता दहा लाख डॉलरच्या बरीच खाली भरली. धुण्याच्या टबापासून मोजली तर तीही रक्कम थोर आहे. तिला फुगवण्याची गरज नाही.

१९/ आता आईच्या प्रश्नाकडे. "आम्हाला उभं कोण करणार?"

१९१२ मध्ये मॅडम वॉकर यांना कुणी उभे केले नाही, त्या आपणहून उठल्या. हे उत्तर स्फूर्तिदायक आहे, पण अपुरे आहे. प्रत्येकीजवळ ते धैर्य असेल, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शिवाय त्या दिवशी त्यांच्या पाठीशी कारखाना होता, नाव होते, शब्द टाकणारा एक प्रकाशक होता.

पुरे उत्तर १९१७ मध्ये आहे. ज्या बाईला एकदा सभेत ताटकळत बसावे लागले होते, तिने पुढे अशी सभा भरवली, जिथे बोलायला कुणाला ताटकळावे लागू नये.

२०/ मी हे सारे आईला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुढच्या बैठकीत हिशेब मी नाही वाचणार. सगळ्यात नवीन आलेली आहे ना, तिला वाचायला देते."

धागा समाप्त. आपल्या गावातील, घरातील अशा कुणी पहिल्यांदा सभेत उभ्या राहिलेल्या व्यावसायिक स्त्रीची आठवण असेल, तर खाली अवश्य लिहा.