शब्दांच्या आठ जातींचा प्रवास

मराठी शाळेत व्याकरणाची सुरुवात बहुधा शब्दांच्या आठ जातींनी होते. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद या चार विकारी. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी या चार अविकारी. नावे सारी संस्कृत घडणीची, म्हणून ही यादी पाणिनीपासून चालत आली असावी असे आपण धरून चालतो. पाणिनीच्या हिशेबात मात्र पदांचे प्रकार दोनच आहेत: सुबन्त (विभक्तीचे सुप् प्रत्यय लागलेली) आणि तिङन्त (क्रियापदाचे तिङ् प्रत्यय लागलेली). अव्ययांचे काय, असे कोणी विचारील. पाणिनी अव्ययांनाही आधी सुप् प्रत्यय लावतो आणि मग स्वतंत्र सूत्राने त्या प्रत्ययाचा लोप करतो. तिसरा वर्ग काढण्यापेक्षा त्याला हा खटाटोप परवडला! यास्काच्या ‘निरुक्ता’त मात्र नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग भेटतात. उपसर्गांना स्वतःचा अर्थ असतो की नाही, यावरचा शाकटायन आणि गार्ग्य यांचा मतभेदही यास्काने नोंदवून ठेवला आहे. पुढे भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त दोन, चार आणि पाच अशी तिन्ही मते मांडतो; पाचवा वर्ग कर्मप्रवचनीयांचा. आठाचा आकडा मात्र या परंपरेत सापडत नाही.

तो शोधायला आपल्याला ग्रीसकडे वळावे लागते. इ. स. पू. चौथ्या शतकात प्लेटोच्या ‘सोफिस्ट’ या संवादात वाक्याचे दोनच घटक येतात, नाम आणि क्रिया. पुढच्या दोन-तीन शतकांत त्यांत भर पडत गेली आणि डायोनिसियस थ्राक्सच्या नावावर असलेल्या छोटेखानी व्याकरणात संख्या आठ झाली. त्या आठांत विशेषण नव्हते, ते नामातच मोडत असे. धातुसाधिताला मात्र स्वतंत्र स्थान होते आणि उपपदालाही. हे व्याकरण रोमनांनी उचलले तेव्हा पंचाईत झाली, कारण लॅटिनमध्ये उपपदच नाही. एक जागा रिकामी पडली. ती उद्गारवाचकाला मिळाली आणि आकडा आठच राहिला. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत गमतीची वाटते: भाषा बदलली, पण संख्येवरची श्रद्धा ढळली नाही. चौथ्या शतकात दोनातुसने लिहिलेल्या लॅटिन पाठ्यपुस्तकाने ही यादी मध्ययुगीन युरोपभर पोचवली. अठराव्या शतकात इंग्रजी वैयाकरणांनी विशेषणाला नामापासून वेगळे केले आणि धातुसाधिताला क्रियापदात ढकलले. लिंडली मरे यांच्या 1795 च्या व्याकरणात उपपद धरून नऊ जाती आहेत.

मराठीच्या व्याकरणाचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. महानुभाव पंथाच्या भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हा त्याचा फारसा न आठवला जाणारा पुरावा. पण इंग्रजीतून लिहिलेल्या छापील व्याकरणाची वाट विल्यम कॅरी यांनी 1805 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपुरात पाडली. मग 1836 मध्ये, बाविशीच्या आसपासच्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले. साचा इंग्रजी, संज्ञा बव्हंशी संस्कृत, असे त्याचे मिश्र रूप होते. मराठीतही उपपद नाही. म्हणजे रोमनांनी गाळलेली जात इथे दुसऱ्यांदा गळाली आणि आकडा पुन्हा आठावर आला. इंग्रजीत नामाआधी येणारी ‘प्रिपोझिशन’ ही जात मराठीत नामामागे गेली आणि शब्दयोगी म्हणून नांदू लागली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची निबंधांतून कसून झडती घेतली, तर 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मोरो केशव दामले यांनी पूर्वसूरींची मते एकेक करून तपासली. इतकी चिकित्सा होऊनही पाठ्यपुस्तकांतल्या जाती आठच राहिल्या.

आता संगणकाला भाषा शिकवणाऱ्यांनी नवी यादी केली आहे. ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सर्व भाषांसाठी मिळून 17 जाती आहेत आणि मराठी वाक्येही त्याच मापाने मोजली जातात. तिथे विशेषनामाला वेगळा खण आहे, सहायक क्रियापदालाही आहे. इंग्रजीतली नामाआधीची आणि आपली नामामागची जात मात्र एकाच खुणेखाली येतात. विरामचिन्हांचीही त्या सतरांत स्वतंत्र जात आहे, आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी शेवटी एक फुली ठेवली आहे.