ल्यूना लिओपोल्ड

ल्यूना लिओपोल्ड (८ ऑक्टोबर १९१५ – २३ फेब्रुवारी २००६) हे अमेरिकी भूरूपशास्त्रज्ञ व जलशास्त्रज्ञ होते. नदीपात्रांच्या प्रत्यक्ष मोजमापांतून मिळालेल्या ज्ञानाची सांगड त्यांनी पर्यावरण व्यवस्थापनाशी घातली. निसर्गसंवर्धनाचे पुरस्कर्ते आल्डो लिओपोल्ड हे त्यांचे वडील होत.

संशोधन

स्थापत्य अभियांत्रिकी, हवामानशास्त्र व भूशास्त्र अशा तीन विषयांचे शिक्षण घेऊन १९५० मध्ये ते अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेत रुजू झाले. थॉमस मॅडॉक यांच्यासह १९५३ मध्ये त्यांनी विसर्गानुसार पात्राची रुंदी, खोली व वेग कसे बदलतात याची गणिती सूत्रे मांडली. डोंगरातील खळाळता ओढा सपाटीवरील संथ नदीपेक्षा वेगवान असतो, हा समज त्यातून डळमळीत झाला. मोजलेल्या नद्यांत सरासरी वेग खालच्या टप्प्यात किंचित वाढलेलाच आढळला. गॉर्डन वोलमन व जॉन मिलर यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ (१९६४) आजही या विषयाचा पाया मानला जातो. पाणलोट क्षेत्रात फरसबंदी व गटारे वाढली की पुराची कमाल पातळी वाढते, हे त्यांनी १९६८ मध्ये नगररचनाकारांसाठी स्पष्ट केले.

पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन

फ्लोरिडातील बिग सायप्रस दलदलीत प्रचंड विमानतळ उभारण्याचे काम सुरू असताना, १९६९ मध्ये लिओपोल्ड यांच्या नेतृत्वाखाली शासकीय अहवाल तयार झाला. या दलदलीतून पाणी एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाकडे वाहते. त्यामुळे विमानतळ व त्याभोवती वाढणारी वस्ती दक्षिण फ्लोरिडाची परिसंस्थाच नष्ट करील, असा निष्कर्ष त्यात निःसंदिग्धपणे मांडला होता. १९७० मध्ये प्रकल्प थांबला. तोवर बांधून झालेली एक धावपट्टी मात्र राहिली.

पुढे १९७१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'लिओपोल्ड सारणी' प्रसिद्ध केली. तीत १०० मानवी कृती आडव्या ओळीत आणि ८८ पर्यावरणीय घटक उभ्या स्तंभात मांडलेले असून, लागू असलेल्या प्रत्येक चौकटीत परिणामाची तीव्रता व महत्त्व यांना १ ते १० असे स्वतंत्र गुण देतात. गुण देणाऱ्याच्या मतावर असलेली भिस्त आणि अप्रत्यक्ष परिणाम टिपण्यातील दुबळेपणा हे तिचे दोष होत. तरीही तीव्रता आणि महत्त्व या दोन भिन्न बाबी आहेत, हा तिच्यातील भेद मोलाचा ठरला.

१९७२ पासून त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन केले. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.