पगार थांबला तरी चूल पेटती

पुण्यातल्या भाजीवालीच्या छोट्या कर्जाची गोष्ट मुंबईच्या गिरणगावात सुरू होते. तिथल्या खानावळवाल्या कामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घालत. पैसे पगाराला मिळत. तोवर किराणा भरायला सावकार.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. गहाण ठेवायला काही नव्हतं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या, बँकेनं कर्ज दिलं.

१९८२ च्या गिरणी संपात पगारच थांबले. जेवणाऱ्याचा खिसा रिकामा झाला, की खानावळीची उधारी बुडते.

१९९३ मध्ये प्रेमाताईंच्या कन्या मेधाताईंनी पुण्यात भाजीवाल्यांपासून हेच काम सुरू केलं.

मंदीत हात थांबत नाहीत, भांडवल थांबतं. गटातली पापडवाली अडली असेल, तर पुढच्या बैठकीत कर्जासाठी तिचं नाव आधी घ्या.