प्राध्यापकांच्या खोलीतला माठ

परवा बैठकीत एक पोरगा ताडकन बोलला, 'संशोधन-बिंशोधन हे पांढरपेशांचं काम. आपलं काम मोर्च्याचं.' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण रात्रपाळीला रिंगखात्यात तुटले धागे सांधताना ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हटलं, मग बाबासाहेब कोण होते?

घटनाकार हे पोस्टरवर असतं. मास्तर हे कुणी लिहीत नाही.

नोव्हेंबर 1918. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून लागले. नोकरी तात्पुरती, पगार महिना 450 रुपये. बिऱ्हाड परळच्या बी.आय.टी. चाळीत. लंडनचं शिक्षण बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्धं राहिलेलं, ते पुरं करायला पैसा साठवायचा होता. सुरुवातीला पोरांनी त्यांना मोजलं नाही. हा काय शिकवणार! मग तास असे रंगले, की दुसऱ्या कॉलेजांतली पोरंही परवानगी काढून येऊन बसू लागली.

आणि त्याच कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याचा माठ होता. त्या माठातलं पाणी यांनी घेऊ नये, अशी काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. बघा मित्रांनो, ही अडाण्यांची वस्ती नव्हे. पदव्या घेतलेली माणसं. पोरांच्या कानांना आंबेडकरांचं अर्थशास्त्र चालतं, मास्तरांच्या माठाला त्यांचा पेला चालत नाही.

31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला. सरकारी कॉलेजातली नोकरी, म्हणून संपादकाच्या जागी पांडुरंग नंदराम भटकर यांचं नाव. मार्चमध्ये नोकरी सोडली, त्याच महिन्यात माणगावची परिषद, आणि वर्ष अर्धं सरेतो लंडन. शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या पारशी दोस्ताचं कर्ज होतं.

तिथं लिहिलेला प्रबंध 1923 साली पुस्तक म्हणून निघाला: रुपयाचा प्रश्न. आपल्यातल्या किती जणांनी तो उघडलाय? मीही उशिरा उघडला, उगाच फुशारकी नको. रुपया हा विषय शेठजींचा वाटतो. पण आतला मुद्दा तुमच्या-माझ्या पगारपाकिटाचा आहे. रुपयाची किंमत पडली की भाव चढतात, मजुरी मागं रेंगाळते, आणि मधली मिळकत मालकाच्या खिशात जाते. चांदी घसरली तेव्हा परदेशी व्यापाराला जो फायदा झाला असं सांगत, तो मजुराच्या पोटातून काढलेला होता, हे त्यांनी हिशेबानं दाखवलं. केन्ससारख्या माणसानं उचलून धरलेल्या चलनपद्धतीला विरोध केला. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनाही सगळं पटलं नव्हतं, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली. गुरूनं न पटणाऱ्या शिष्याची पाठ थोपटावी, हे मला फार आवडलं. पुढे 1925 साली नेमलेल्या चलन आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, तीही याच अभ्यासावर.

आता 1927 घ्या. 20 मार्चला महाडचं चवदार तळं. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. हे आपल्याला पाठ आहे. पण हाच माणूस मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला लेखी उत्तरंही पाठवत होता. त्यांचं म्हणणं असं: विद्यापीठ म्हणजे नुसती परीक्षा घेणारी कचेरी नव्हे. पदवीपर्यंतचं शिकवणं एकीकडे आणि पुढचं दुसरीकडे असं तोडलं, की शिकवणं आणि संशोधन यांची फारकत होते, आणि मग संशोधनच मरतं. पोरांच्या डोक्यात माहिती कोंबू नका, तपासायची पद्धत द्या.

तळ्यावरचा माणूस आणि समितीला उत्तरं लिहिणारा माणूस, हे दोन नव्हते. माठ आणि तळं ही एकच गोष्ट होती. ज्यांनी माठ अडवला, त्यांच्याच हातात विद्यापीठ असेल तर आपला इतिहास कोण लिहिणार, हे त्यांना दिसत होतं.

पुढे ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, 1950 ला औरंगाबादेत कॉलेज. यावर पुन्हा कधीतरी.

त्या पोराला मी रुपयाचं पुस्तक दाखवलं. म्हणाला, 'इंग्रजी आहे राव.' मलाही डिक्शनरी लागते. पानाला एक तास जातो. रविवारी दुपारी माझ्या खोलीवर बसू. पाळी नसेल त्यांनी यावं. येताना वही आणावी.