गोट, पागा आणि पाती : मध्य भारतातील तीन शहरांच्या वस्त्या

राहण्यास चांगले शहर कोणते, हा प्रश्न बदलीच्या नोकरीतील माणसाला नेहमीच विचारला जातो. अलीकडे शासनानेही त्याचे उत्तर आकड्यांत देण्याचा प्रयत्न केला आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने १११ शहरांची राहणीमान-सुलभतेची पहिली यादी प्रसिद्ध केली, तेव्हा पुण्याचा क्रमांक पहिला आला आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींनाही त्याचा आनंद झाला. अशा याद्या उपयुक्त असतात. परंतु त्यांत एक उणीव राहते. यादी संपूर्ण शहराला एक क्रमांक देते, आणि माणूस मात्र शहरात राहत नाही, तो मोहल्ल्यात राहतो. एकाच शहरातील दोन मोहल्ले राहण्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गावांइतके भिन्न असू शकतात. ही भिन्नता कोठून येते, हे पाहण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

त्यासाठी देवास, ग्वाल्हेर आणि इंदूर ही तीन शहरे सोयीची आहेत. पवार, शिंदे आणि होळकर या तीन मराठी घराण्यांच्या या राजधान्या. लष्करी मुक्कामाचा वारसा तिन्हींवर आहे, आणि तिन्ही १९४८ मध्ये 'मध्य भारत' या एकाच राज्यात विलीन झाली. त्या राज्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर व उन्हाळी राजधानी इंदूर होती. मूळ इतके सारखे असूनही या शहरांच्या वस्त्या वेगवेगळ्या घडल्या. त्याचे कारण शोधताना प्रशासनाचा विचार टाळता येत नाही.

सर्वांत लहान शहरापासून, म्हणजे देवासपासून आरंभ करू. १७२८ मध्ये तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंकडे हा मुलूख आला आणि पुढे त्यांच्या वंशजांच्या दोन पाती झाल्या, थोरली व धाकटी. १८४१ नंतर या दोन पाती स्वतंत्र संस्थाने म्हणून चालू लागल्या. राजधानी मात्र एकच राहिली. परिणाम असा झाला की गावातील मुख्य रस्त्याची एक बाजू एका संस्थानाच्या कारभारात आणि समोरची बाजू दुसऱ्याच्या. पाणीपुरवठ्याची व दिवाबत्तीची व्यवस्थाही दोन्ही बाजूंना निरनिराळी होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी सचिव होते. बाहेरून येणाऱ्यांना देवासची ही व्यवस्था गमतीची वाटे. तेथे राहणाऱ्याला मात्र ती गंमत नव्हती. रस्ता एकच, पाऊस एकच, उतारही एकच. पण आपल्या दारातले पाणी कोणाच्या हद्दीत जाते, यावर तक्रार कोणाकडे न्यायची ते ठरत असे.

ग्वाल्हेरची विभागणी वारशातून नव्हे, छावण्यांतून झाली. किल्ल्याच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर होतेच. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला आणि तोच कायम झाला. म्हणून त्या शहराचे नावच 'लष्कर'. पूर्वेस मुरार येथे पुढे इंग्रजांची छावणी वसली, ती १८८६ मध्ये किल्ल्यासह शिंद्यांना परत मिळाली. अशी तीन गावे शेजारी शेजारी नांदत होती. लष्करच्या मोहल्ल्यांची नावे आजही तळाची रचना सांगतात : कंपू, शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ, महाडिक की गोठ. 'गोठ' हा आपल्या 'गोट' या शब्दाचाच तिकडचा उच्चार असावा. जेथे ज्या सरदाराचा गोट पडला, तेथे त्याची वस्ती झाली, आणि वाड्याभोवतीच्या विहिरी, गल्ल्या व आश्रित यांची काळजी त्या सरदाराच्या ऐपतीवर आणि इच्छेवर अवलंबून राहिली. वाडा भरभराटीत असेतो गोठही सुस्थितीत असे. वाडा खचला की गल्लीला वाली उरत नसे.

माधवराव शिंदे (कारकीर्द १८८६ ते १९२५) यांनी या तुकड्यांना शहराचे रूप देण्याचा यत्न केला. जयाजी चौक, म्हणजे आजचा महाराज बाडा, भव्य सार्वजनिक इमारतींनी वेढला गेला. अरुंद रुळांची छोटी रेल्वे धावू लागली. सांक नदीवर तिघरा येथे १९१६ मध्ये धरण झाले. पुढच्याच वर्षी ते पुरात फुटले, पुन्हा बांधावे लागले, आणि आजही ग्वाल्हेरच्या पाण्याचा तो मुख्य आधार आहे. चौक, रेल्वे आणि धरण ही कामे मोठी होती व दरबाराने ती केली. मधले दुवे मात्र, म्हणजे गल्लीतील नळ, गटार आणि नाला, दुबळेच राहिले. लष्करमधून वाहणाऱ्या स्वर्णरेखा नदीचे भवितव्य याची साक्ष देते. तिचे सांडपाण्याच्या नाल्यात रूपांतर झाले आणि पुढे तिला काँक्रीटचा तळ घालण्यात आला.

इंदूर १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी झाले. नदीकाठी जुनी इंदूर, पलीकडे राजवाडा व त्याभोवतीचे बाजार, पागनीस पागेसारख्या लष्करी वस्त्या, आणि पूर्वेकडे इंग्रजांची रेसिडेन्सी, अशी रचना होती. पुढे कापसाच्या गिरण्या आल्या आणि मजुरांच्या दाट वस्त्या वाढल्या; परप्रांतीय मजुरांवरून एका वस्तीचे नावच परदेशीपुरा पडले. दुसरीकडे तुकोगंज, मनोरमागंज, स्नेहलतागंज असे रुंद रस्त्यांचे, बागबगीच्यांचे भाग उभे राहिले. म्हणजे इंदूरही विषमतेत मागे नव्हते. प्लेग आणि हिवताप यांनी जुन्या वस्त्या पोखरल्या होत्या.

याच वेळी तुकोजीराव तिसरे यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला पाचारण केले. १९१८ मध्ये त्यांचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुन्या मोहल्ल्यांतून सरळ रुंद रस्ते कापण्यास गेडिस यांचा विरोध होता. मोजकी पडकी घरे काढावीत, त्या जागी लहान चौक व झाडे असावीत, बाकीची वस्ती दुरुस्त करावी, असा त्यांचा आग्रह. आजाऱ्याला वाचवूनच शस्त्रक्रिया करावी, असे हे तत्त्व होते.

अहवालाहूनही उद्बोधक आहे ती त्यांची दिवाळीची मिरवणूक. एका दिवसापुरता महाराजांचा मान त्यांनी मागून घेतला आणि जाहीर केले की मिरवणूक परंपरागत मार्गाने न जाता, ज्या रस्त्यांवर सर्वाधिक झाडलोट व दुरुस्ती झाली असेल त्या रस्त्यांवरून जाईल. घराघरांतला कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, आणि नव्या पोशाखात, फुले माळून सफाई कामगारही सन्मानाने चालत होते. येथे प्रशासनाने हुकूम काढला नव्हता, दंडही आकारला नव्हता. प्रत्येक मोहल्ल्याला आपल्या रस्त्याचा मालक केले होते.

पुढचा शंभर वर्षांचा इतिहास या सूत्राच्या दोन्ही बाजू दाखवतो. यशवंतसागर अपुरा पडू लागल्यावर १९७० मध्ये इंदूरच्या नागरिकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केले, आणि सुमारे ७० किलोमीटर दूर असलेल्या जलूदहून ते पाणी १९७८ मध्ये शहरात पोहोचले. घरोघरी कचरा वेचण्याची नियमित व्यवस्था लागल्यावर २०१७ पासून २०२३ पर्यंतच्या सातही स्वच्छता सर्वेक्षणांत इंदूर पहिले आले (२०२३ मध्ये सुरतेसह). गाडी ठरल्या वेळी दारात येते, कोणता कचरा कोणत्या कप्प्यात टाकायचा हे गृहिणीला ठाऊक असते, आणि गाडी चुकली तर जाब कोणाला विचारायचा हेही ठाऊक असते.

परंतु त्याच इंदुरात, २०२५ च्या डिसेंबरअखेर, भागीरथपुरा वस्तीत जलवाहिनीला गळती लागून नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले, काहींचे प्राण गेले. कचरा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची स्पर्धा लावता येते. जमिनीखालची वाहिनी दिसत नाही, तिची मिरवणूक निघत नाही. देशातील सर्वांत स्वच्छ ठरलेल्या शहराचा क्रमांक भागीरथपुऱ्यातील घराच्या नळापर्यंत पोहोचला नव्हता.

या तीन शहरांच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. वस्ती कोणी वसवली, किती भव्य वसवली, यापेक्षा तिची रोजची देखभाल कोणाच्या नावावर आहे, यावर तेथील जीवन सुसह्य होते की असह्य, हे ठरते. देवासला ही जबाबदारी रस्त्याच्या मध्यावर तुटली, ग्वाल्हेरला ती वाड्याबरोबर खचली, आणि इंदूरला ती जमिनीवर सांभाळली गेली पण जमिनीखाली निसटली.

म्हणून परमुलखात घर शोधणाऱ्या वाचकांना सुचवावेसे वाटते की शहराचा क्रमांक अवश्य पाहावा, पण त्याआधी मोहल्ल्यात तीन प्रश्न विचारावेत : पाणी बिघडले तर कोणाकडे जाता? गटार तुंबले तर कोण येते? आणि मागच्या वेळी किती दिवसांत आले? शेजाऱ्याला या तिन्हींची उत्तरे नावानिशी देता आली, तर ती वस्ती राहण्याजोगी समजावी. आणि आम्हा प्रशासकांना हेच तीन प्रश्न आपल्या अखत्यारीतील प्रत्येक मोहल्ल्याबाबत स्वतःला विचारता आले, तर याद्यांतील क्रमांकांना खरा अर्थ येईल.