चुलीच्या धुरांड्याची सफाई: वर्षातून एकदा का आणि कशी?

बुलढाणा जिल्ह्यात अनेक घरांत आजही पऱ्हाटी-तुराट्यांवर चूल पेटते. धुरांडे काजळीने तुंबले की धूर घरातच परततो. त्याने दमा बळावतो. कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांनाही सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होऊ शकतो.

सफाई कधी करावी?
पावसाळा संपल्यावर, थंडीसाठी दारे-खिडक्या बंद होण्याआधी.

कशी करावी?
• चूल रात्रभर थंड होऊ द्या.
• नाकातोंडावर मास्क लावा. दमेकरी, गरोदर स्त्रिया व मुलांनी हे काम करू नये.
• लांब काठीला ब्रश बांधून काजळी खरवडा. पाखरांचे घरटे असल्यास काढा.
• भेगा मातीने लिंपा.
• थोडा जाळ करून धूर वर जातो का, ते पाहा.
• ओले सरपण टाळा. त्याने काजळी लवकर साचते.

धोक्याची लक्षणे
चूल पेटल्यावर घरातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ झाल्यास ती कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असू शकते. या वायूला रंग-वास नसतो. सर्वांना लगेच मोकळ्या हवेत आणा आणि 108 वर फोन करा.

खोकला दोन आठवडे टिकला, तर ‘धुराचाच असेल’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा आणि क्षयरोगाची तपासणी करून घ्या.